बांधापुरते चिटणीस

चांगुणाबायच्या हातून मी एक कागद मागून घेतला आणि घरी नेऊन शेगडीत घातला. ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, ज्याच्यापाशी मन मोकळं करतो त्या मित्राला नाही, आणि ज्यांना सर्वांत आधी सांगायला हवी होती त्या चिटणिसांना तर नाहीच. ते आता हयात नाहीत. मी पन्नाशीला टेकलो आहे. सांगायचं ठरवून कितीदा तरी बसलो आणि दर वेळी चिटणिसांच्या विक्षिप्तपणाचे चार किस्से सांगून उठलो. किस्से लोकांना आवडतात. आताही आधी तेच आठवतायत. असू दे. त्यांच्याशिवाय तो कागद समजायचा नाही.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. मी मॅट्रिक होऊन डोंबिवलीत नोकरीवाचून बसलो होतो. कोणीतरी सांगितलं, खाडीकाठी बांध समितीला कारकून हवाय. ठाकुर्ली स्टेशनात उतरून खाडीच्या अंगाने अर्धा तास चाललं की एक गाव लागे. उंचवट्यावर आगरी लोकांची घरं, खाली भातखाचरं, आणि खाचरांना वळसा घालून गेलेला मैलभर लांबीचा मातीचा बांध. पलीकडे खाडी. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाचं पाणी बांधाच्या छातीला लागायचं. बांध नसता तर ते थेट भातात आलं असतं, आणि खारं पाणी एकदा शिरलं की जमीन दोन-तीन पावसाळे तरी भात देत नाही.

या एका बांधासाठी सरकारने एक समिती नेमून दिली होती. तिला निवडणूक होती, अध्यक्ष होता, शिक्का होता, नियमांचं पुस्तक होतं, आणि काम एकच: खारं पाणी बाहेर ठेवणं. तिची हद्द गावाच्या हद्दीशी जुळत नसे. बांध फुटला तर पाणी जिथवर चढेल तिथवर समिती. त्या रेघेखाली ज्याची जमीन तो सभासद, मग तो राहायला कल्याणात का असेना. रेघेच्या वर जमीन असलेला गावचा पोलीस पाटील समितीच्या लेखी परका माणूस. बाकी रस्ता आणि विहीर लोकल बोर्डाची, शाळा शाळाबोर्डाची, मिठागरं तिसऱ्याच खात्याची, स्टेशनाकडची पड जमीन रेल्वेची. एका चिखलाला पाच मालक. आणि गावकऱ्यांना उघडी दिसणारी कचेरी एकच, आमची. मिठाच्या जुन्या गोदामातली एक खोली, दोन टेबलं. त्यामुळे जो तो आपलं गाऱ्हाणं घेऊन आमच्याकडे. आणि समोर बसलेले चिटणीस!

ते सर्व्हेखात्यातून निवृत्त झालेले. विधुर, मूलबाळ नाही. उन्हाळ्यातसुद्धा बंद गळ्याचा कोट, धोतर, काळी टोपी. समितीची ती रेघ त्यांनी स्वतः तीन उधाणं बांधाबांधाने फिरून आखलेली, दगड रोवलेले. माणसांना ते नावाने हाक मारत नसत, हुद्द्याने मारत. मी चार वर्षं "अहो कारकून" होतो. चांगुणाबाय ही बिघाभर खाचराची मालकीण, अंगठा उठवणारी विधवा, पण तिला पाहताच हे उठून उभे राहत: "या सभासद, बसा." ती बिचारी लाजून दाराच्या चौकटीलाच टेकून बसायची.

गाऱ्हाण्यांची तऱ्हा अशी.

"चिटणीस साहेब, विहिरीत बेडूक मेलाय."

"विहीर लोकल बोर्डाची."

"आवो पन वास मारतंय!"

"वासही लोकल बोर्डाचा."

कोणी म्हणालं घरात पाणी शिरलं, तर हे मैलभर चालत त्या घरी जात. मला वाटायचं, चला, माणूस कामाला लागला. तिथे वाकून बोट पाण्यात बुडवत, जिभेला लावत, थुंकत आणि सरळ होत. "गोडं आहे. पावसाचं. आपलं नाही." आणि परत मैलभर चालत कचेरीत. मी मागे छत्री धरून. घरातली बाई कमरेवर हात ठेवून बघत राहिलेली. "अहो, निदान दोन माणसं तरी बोलावून द्या," मी एकदा वाटेत म्हटलं.

"कोणाच्या अधिकारात?"

"माणुसकीच्या."

"तिला शिक्का आहे का?"

मी छत्री या हातातून त्या हातात घेतली.

एकदा एक बैल बांधाच्या बाहेरच्या अंगाला चिखलात रुतला. दहा-बारा माणसं दोर लावून ओढतायत, भरती यायला लागलीय, बैल हंबरतोय, आणि चिटणीस मला साखळी धरायला सांगून बांधाच्या पायथ्यापासून बैलापर्यंतचं अंतर मोजतायत. मला लाजेने मेल्यासारखं झालं. मोजून झालं. "हद्दीबाहेर," ते म्हणाले. मग कोट काढला, घडी करून माझ्या हातात दिला, टोपी वर ठेवली. "चिटणीस इथेच उभे आहेत असं समजा. मी खासगी चाललो." आणि धोतर खोचून हा साठीचा माणूस कमरेपर्यंत चिखलात उतरला. बैल निघाला. अंगभर चिखलाने लडबडलेले ते वर आले, कोट चढवला, आणि बैलाच्या मालकाला म्हणाले, "बांधाच्या पायथ्याशी जनावर चारायला बंदी आहे. नोटीस मिळेल." दुसऱ्या दिवशी खरोखरच नोटीस गेली. मीच लिहिली.

एका लग्नात त्यांनी वरात अडवली. बांधावरून वाजतगाजत यायची गावाची पूर्वापार रीत. हे मधोमध उभे. "माणसं एकामागून एक जातील. वाजंत्री खालून. नाचायचं असेल तर खाचरात नाचा." नवरदेवाचा मामा दारूच्या भरात म्हणाला, "बांद काय तुज्या बापाचा हाय?" हे शांतपणे म्हणाले, "नाही. सभासदांचा. तुम्ही सभासद नाही."

का? ते मात्र सांगत नसत. बांधाचा माथा पावलांनी झिजतो, एक वीत जरी खाली बसला तरी उधाण नेमकं तिथूनच वाट काढतं, हे त्यांनी एकदा तरी एका वाक्यात कोणाला सांगितलं असतं! नाही. त्यांचं उत्तर ठरलेलं: नियम अमुक, हद्द तमुक. मी त्यांना ओळखायचो ते फक्त नियमाचं पुस्तक म्हणून. पुस्तकात कारणं छापलेली नसतात. हे मी त्यांच्या माथी मारत नाही. विचारलं मीही कधी नाही.

पण एक गोष्ट ते न चुकता करत. दर उधाणाच्या आदल्या दिवशी अख्खा बांध पायी. हातात काठी, नजर जमिनीवर. खेकड्याचं बीळ दिसलं की काठी खुपसायची, किती खोल ते बघायचं, आणि मला हाक: "कारकून, चिखल!" मी घमेलं घेऊन धावायचो. ओल्या चिखलाचा गोळा बिळात ठोसायचा, वर टाच. असली शंभर-शंभर बिळं. मग पाहणीवहीत नोंद: "पाहिले. ठीक." खाली सही. त्यांच्या काळात एकदाही खांड पडली नाही. खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. आजूबाजूच्या गावांच्या बांधांना दर पावसाळ्यात कुठे ना कुठे पडायची. याचं श्रेय त्यांना कोणी दिलं नाही. न झालेल्या गोष्टीचं श्रेय कोण देतो?

आता चांगुणाबायचं.

गावची विहीर फाल्गुनापासून मचूळ व्हायची. गोड्या पाण्याची विहीर होती ती खाडीच्या एका चिंचोळ्या फाट्यापलीकडे, टेकडीच्या पायथ्याशी. ओहोटीला फाट्यात घोटाभर पाणी राही, तेवढ्यात बायका पलीकडे जाऊन हंडे भरून आणत. मध्ये आमचा बांध. चढ उभा, चिकणमातीचा. वळसा घेऊन दगडी उघाडीवरून गेलं तर जाऊन-येऊन तासभर जास्त, आणि तोवर भरती. उघाडी म्हणजे आतलं पाणी ओहोटीला बाहेर सोडायची, लाकडी दाराची मोरी. तर बायका बांधावरूनच चढत-उतरत. एका सकाळी चांगुणाबायची सून डोक्यावर दोन हंडे घेऊन उतरताना घसरली. हात मोडला. पोटुशी होती, सुदैवाने तेवढ्यावर निभावलं.

चांगुणाबाय कचेरीत आली. चौकटीशी बसली नाही, उभी राहिली.

"साहेब, बांदाला पायऱ्या खोदून द्या. आमी बायकाच खोदू. तुमी फकस्त हो बोला."

"सभासद, पायऱ्या कशासाठी?"

"पान्यासाठी."

"कोणतं पाणी?"

"पिवाचा."

"म्हणजे गोडं. गोडं पाणी समितीकडे येत नाही. लोकल बोर्डाकडे अर्ज करा."

"तिकडं गेलतो. ते बोलतात, बांद आमचा नाय, बांदवाल्यांकडं जा."

"त्यांचं बरोबर आहे."

"मंग तुमचा चुकला?"

"नाही. माझंही बरोबर आहे."

"तुमचा बरोबर, त्यांचा बरोबर," चांगुणाबाय म्हणाली, "मंग आमी काय खारा पानी पिवाचा?"

चिटणिसांनी नियमांचं पुस्तक उघडलं आणि तिला वाचून दाखवलं. बांधाचा माथा अगर उतार कोणीही कापू नये. जो कापेल त्याने आपल्या अंगमेहनतीने तो पूर्ववत करून द्यावा, आणि तोवर त्याचं मत बंद राहील. ती ऐकत होती. वाचून झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्या दिवशी मनात चिटणिसांना मी जी शिवी दिली ती इथे लिहीत नाही.

ही फाल्गुनातली गोष्ट. चैत्रात ती पुन्हा आली. दोन्ही वेळा तेच. वैशाखात चिटणीस भाचीच्या लग्नाला साताऱ्याकडे गेले. कपाटाची किल्ली माझ्याकडे, शिक्का कपाटात. चांगुणाबाय तिसऱ्यांदा आली आणि रिकामी खुर्ची बघून परत फिरली. मी तिला हाक मारली.

कागदावर मी लिहिलं: बांधाच्या पूर्व टोकाला पायऱ्या करण्यास समितीची हरकत नाही. खाली "चिटणिसांकरिता", माझी सही, वर शिक्का. तिला वाचून दाखवलं. जावकवहीत नोंद केली नाही. का केली नाही हे तेव्हाही मला नीट ठाऊक होतं. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा आनंदच जास्त होता. चार वर्षं ज्या खोलीतून प्रत्येक माणूस "नाही" घेऊन गेला, तिथून मी एक "हो" दिलं होतं. बायकांनी दोन सकाळीत पायऱ्या खोदल्या. सात अलीकडून, सात पलीकडून. मी बघायला गेलेलो. एकेक बाई हंडा घेऊन झरझर उतरत होती, मोडका हात झोळीत बांधलेली सून वरून ओरडून सगळ्यांना सांभाळा-सांभाळा करत होती, आणि चांगुणाबाय मला म्हणाली, "तुजा भला होईल रं पोरा."

चिटणीस आल्यावर काय सांगायचं, ते मी ठरवून ठेवलं होतं. भांडायचं. पण ते आले ते विषमज्वर घेऊन. सहा-सात आठवडे डोंबिवलीच्या खोलीत अंथरुणाला खिळले. उधाणाआधीची पाहणी माझ्याकडे आली. मी वही घेऊन त्यांच्या उशाशी जायचो. तापाने ओठ फुटलेले, पण प्रश्न ठरलेले.

"बिळं?"

"बुजवली."

"उघाडीचं दार?"

"बसतंय नीट."

"पूर्व टोक?"

"ठीक आहे."

असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "पूर्वेला माती भुसभुशीत आहे. तिथे जपा." मी "हो" म्हटलं आणि वहीत लिहिलं: पाहिले. ठीक. एकदाच, फक्त एकदा, मला वाटलं की सांगावं. पण आजारी माणसाला कशाला त्रास, असं म्हणून मी ते टाळलं. माणूस भित्रेपणाला किती पटकन दयेचं नाव देतो.

पायऱ्या वापरून वापरून मधली माती बसत गेली. पावसाने पायऱ्यांच्या पन्हळी झाल्या. आषाढाच्या अमावास्येला, भर दुपारी, वरून पाऊस आणि खालून उधाण, पाणी नेमकं तिथून बांधावर आलं. आधी करंगळीएवढी धार. मग हातभर. मी पोचलो तेव्हा बैलगाडी जाईल एवढी खांड पडली होती आणि नुकतं लावलेलं भात तपकिरी पाण्याखाली जात होतं. लोक पेंढ्याचे भारे, दारं, एक जुनी होडी, मिळेल ते खांडीत लोटत होते आणि खाडी ते परत त्यांच्या अंगावर फेकत होती.

चिटणीस आले. कोणाच्या तरी खांद्याचा आधार घेऊन, डोंबिवलीपासून. खांडीच्या दोन्ही कडांना पायऱ्यांचे अर्धे अर्धे खण शिल्लक होते. त्यांनी ते पाहिले. मग वाकले, खाचरातल्या पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. एरवी लोक हसले असते. ते माझ्याकडे वळले.

"किती होत्या?"

"चौदा. सात-सात."

"मोजल्यात तुम्ही," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. घरटी एक माणूस बोलावला, रेघेच्या वरच्या घरांतूनही माणसं न बोलावता आली, आणि आठवडाभर ओहोटी साधून ते खांड बुजवत राहिले. पहिला भराव वाहून गेला. अष्टमीच्या सुमारास भरतीचा जोर ओसरला तेव्हा दुसरा टिकला. भात टिकलं नाही. पूर्वेकडची खाचरं पांढरी पडली. त्यांत चांगुणाबायचं खाचर पहिलं.

खांड पडली त्याच्या दुसऱ्याच सकाळी मी तिच्या घरी गेलो होतो. ओट्यावर सून मुसमुसत बसलेली. चांगुणाबाय आत चिखलाने भरलेली लुगडी धूत होती.

"तो कागद द्या," मी म्हटलं. "हापिसात नोंदायचा राहिलाय."

तिने हात पुसले. फळीवरचा डबा काढला, त्यातून एक पुरचुंडी, पुरचुंडीतून तो कागद. चार घड्या नीट जपलेल्या. दोन्ही हातांनी मला दिला. "नोंद कर बाबा," म्हणाली, "नायतर आमचे अंगावर येल."

तो मी संध्याकाळी शेगडीत घातला.

समितीची सभा देवळासमोरच्या मांडवात भरली. सकाळची वेळ. अध्यक्ष कधी सहीपलीकडे न येणारा जमीनदार, पण त्या दिवशी तोच पुढे. त्याची पाच बिघे गेली होती.

"पायऱ्या कोणी खोदल्या?"

"आमी," चांगुणाबाय म्हणाली. मागे बसलेल्या बायका हलल्या नाहीत.

"मग नियम स्पष्ट आहे. खांडीचं पक्कं काम तुझ्या घराने करून द्यायचं. होईपर्यंत मत बंद."

अख्खी खांड, एका घराने! मुलगा मिठागरावर रोजाने जाणारा, सुनेचा मोडलेला हात अजून अधू. म्हणजे बिघाभर जमीन विकून माणसं लावायची, आणि ती पांढरी पडलेली जमीन कोण घेणार, तर शेजारची ज्याची आहे तो अध्यक्षच. हे मांडवात बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं.

"आमाना परवानगी व्हती," ती म्हणाली. "कागद व्हता."

"कुठाय कागद?"

तिने रिकामे हात दाखवले.

"कोणी दिला?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाशी सभेचा वृत्तांत लिहायला बसलो होतो. दौतीत टाक बुडवला आणि बुडवूनच ठेवला. तिने नाव घेतलं असतं तर मी काय केलं असतं, सांगता येत नाही. कदाचित कबूल केलं असतं. कदाचित "कुठला कागद?" म्हटलं असतं. तिने नाव घेतलं नाही.

"हापिसानं दिला," ती म्हणाली.

ऑफिसात माणसं दोनच.

अध्यक्ष माझ्याकडे वळला. "काय रे? दिलास तू कागद?"

मला तेव्हा ठाण्याला सरकारी कचेरीत जागा मिळायच्या बेतात होती. वडील घरी बसलेले, दोन बहिणी. ही कारणं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलोय, खरीही आहेत. पण त्या क्षणी त्यांतलं एकही माझ्या डोक्यात नव्हतं. नुसती जीभ उचलत नव्हती.

"कारकून काही देत नसतो," चिटणीस उठून म्हणाले. आजारपणाने कोट खांद्यावरून लोंबत होता. "कारकून लिहितो. परवानगी माझी होती."

मांडवात कुजबुज झाली. अध्यक्ष हसला. "तुमची? अहो, वरातीला बांधावर पाय ठेवू न देणारे तुम्ही! आणि तुम्ही तर तेव्हा गावाला गेला होता."

"जाण्यापूर्वी दिली."

"जावकवहीत नोंद?"

"राहिली. तीही चूक माझी. सभासदाने समितीच्या परवानगीने काम केलं आहे. नियम तिला लागू नाही. खांडीचं काम समितीवर येतं, घरटी एक माणूस. वृत्तांतात लिहा." मग माझ्याकडे न पाहता: "कारकून, लिहा."

मी लिहिलं. माझ्या अक्षरात ते खोटं सुरेख उतरलं. लोकांचा विश्वास बसला नाही, पण विरुद्ध कागद कोणाकडेच नव्हता. चांगुणाबाय सुटली. चिटणिसांना त्याच सभेत दूर केलं. उठताना अध्यक्षाच्या माणसांतला कोणी पोरगा ओरडला, "हद्दवाल्यानं बांद बुडवला!" आणि लोक हसले. आठवडाभर चिखलात उभी राहिलेली माणसं होती ती. त्यांना हसायला काहीतरी हवंच होतं.

पांगताना चांगुणाबाय माझ्या टेबलाशी थांबली. हळूच म्हणाली, "तुजी नोकरी जायाची व्हती, म्हनून नाव नाय घेतला. पन मना वाटला तू बोलशील."

नव्या चिटणिसाला दप्तर सोपवताना मी जुन्या फायली चाळल्या. लोकल बोर्डाला पाठवलेल्या पत्रांच्या नकला होत्या. फाल्गुनातलं एक, चैत्रातली दोन. बांध न कापता बाहेरून दगड-मातीचा भराव घालून त्यावर पायऱ्या बांधाव्यात. पायऱ्या पाण्याच्या वाटेच्या, म्हणून आपल्या. भराव बांधाचा, म्हणून आमचा. आपण पायऱ्यांना मंजुरी द्यावी, भरावाचे काम समिती तत्काळ करील. सोबत हाताने काढलेला नकाशा. चांगुणाबाय पहिल्यांदा येऊन गेली त्याच दिवशी त्यांनी पहिलं पत्र लिहिलं होतं! तिला का नाही सांगितलं? मला का नाही? एका शब्दाने, "बघतो" एवढ्या एका शब्दाने, हे सगळं टळलं असतं. आजही त्यांचा राग येतो तो इथे. आणि राग अर्ध्यावर थांबतो, कारण तिन्ही पत्रांवर जावक क्रमांक माझ्याच हातचा आहे. मी ती पाकिटात घातली, नोंदली, पोस्टात टाकली. वाचली नाहीत.

ठाण्याच्या नोकरीसाठी वर्तणुकीचा दाखला लागत होता. नवा चिटणीस म्हणाला, मी तुला ओळखत नाही, जुन्यांकडून आण. मी डोंबिवलीला त्यांच्या खोलीवर गेलो. त्यांनी चहा केला, काहीही न विचारता कागद घेतला आणि लिहून दिला. तो अजून माझ्यापाशी आहे. "यांनी माझ्या हाताखाली चार वर्षे काम केले. अक्षर सुवाच्य. कचेरीत वेळेवर येत." बस. अशा दाखल्यात "प्रामाणिक" हा शब्द घालायची पद्धत असते. त्यांनी तो घातलेला नाही.

त्यानंतर सहा-सात वर्षं ते होते. मंडईत कधी गाठ पडायची. "काय कारकून, ठाण्याची हवा मानवते ना?" मी ठाण्यात हेडक्लार्क झालो तरी त्यांच्या लेखी कारकूनच. एकदा रामनवमीच्या दुपारी, देवळाच्या पायरीवर चपला घालताना, मी धीर केला. "मला तुम्हाला एक सांगायचं होतं."

"समितीसंबंधी असेल तर नव्या चिटणिसांना सांगा. मी आता कोणी नाही."

मी दुसरी चप्पल पायात सरकवली.

"आणि खासगी असेल," ते म्हणाले आणि थांबले. हातातला सुंठवडा तसाच धरून, बराच वेळ थांबले. त्यांना गाडी गाठायची नव्हती, घरी कोणी वाट बघणारं नव्हतं.

"नाही, खासगी असं काही नाही," मी म्हटलं.

"बरं," म्हणाले, आणि गेले.

ते गेल्याला आता पुष्कळ वर्षं झाली. समित्या मोडल्या, बांध पुढे दुसऱ्या खात्याकडे गेला. चांगुणाबाय अजून आहे म्हणतात, दिसत नाही, पण ऐकू येतं. गावात अजूनही सांगतात की एका वेड्या चिटणिसाने बांध बुडवला. तिलाही खरं ठाऊक आहे, पण तिने ते पोटात ठेवलंय, बहुधा माझी वाट पाहत. डोंबिवलीहून ते गाव आता रिक्षाने वीस मिनिटांवर आहे.

त्या देवळासमोर उभं राहून, तिच्या देखत आणि लोकांच्या देखत, मला एवढंच सांगायचं आहे: परवानगी मी दिली, कागद मी जाळला, चिटणिसांना यातलं काही माहीत नव्हतं. हे मी त्या दोघांचं देणं लागतो. ते मी अजून दिलेलं नाही.